सूर्य डोक्यावर दुपारी सव्वादोनला: स्पेनमधल्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विचारलं होतं की स्पेनला राहायला गेलेल्या किंवा निघालेल्या मराठी लोकांना रोजच्या जगण्यात काय अडतं ते कळवा. भरपूर पत्रं आली, त्यातली सात इथे घेतलीत. कुठला व्हिसा घ्यावा वगैरे प्रश्न वकिलाचे, ते बाजूला ठेवले. मी सांगलीची, वालेन्सियात चौदा वर्षं झाली, त्यामुळे जे सांगते ते बरंचसं स्वतः केलेलं आहे.

प्रश्न: ताई, मिस्टरांची बदली झाली म्हणून मे महिन्यात माद्रिदला आलो. घरी साडेसातला जेवायची सवय. इथे साडेसातला हॉटेलात गेलो तर किचन बंद, साडेआठनंतर या म्हणतात. मुलगी सहा वर्षांची आहे, तिच्या वर्गातली मुलं रात्री साडेदहाला खाली बागेत खेळत असतात. हे लोक झोपतात कधी? आम्ही आमच्याच टायमिंगने राहिलो तर चालेल ना?
— डोंबिवलीची वाचक, सध्या माद्रिद

चालेल की, कोणी काही म्हणणार नाही, पण मग तुम्ही घरात आणि सगळं गाव बाहेर असं होईल, आणि त्याचा त्रास तुमच्यापेक्षा मुलीला जास्त होईल.

आधी हे असं का ते बघा म्हणजे चिडचिड कमी होईल. नकाशात माद्रिद लंडनच्याही पश्चिमेला आहे, पण घड्याळ चालतं बर्लिनचं. १९४० साली हुकूमशहा फ्रान्कोच्या राजवटीत घड्याळ एक तास पुढे केलं आणि दुसरं महायुद्ध संपलं तरी ते परत मागे आणलंच नाही, वर उन्हाळ्यात अजून एक तास पुढे जातं. त्यामुळे जूनमध्ये माद्रिदला सूर्य डोक्यावर येतो तोच सव्वादोनच्या आसपास आणि मावळतो पावणेदहाला. आपल्याकडे शेतावर माणसं सूर्य डोक्यावर आला की भाकरी सोडायची, हे लोकही तेच करतात, काटा फक्त दोनच्या पुढे असतो. रात्री दहाला जेवतात कारण अंधारच तेव्हा पडतो.

आता तुमचं. मुख्य जेवण दुपारी अडीचला न्या, वरण-भात-भाजी-पोळी सगळं तेव्हाच. रात्री नऊ-साडेनऊला हलकं, खिचडी, सूप, धिरडं. मधे साडेपाचला यांची मेरिएन्दा असते, मुलांचं संध्याकाळचं खाणं, ती अजिबात चुकवू नका. शाळा सुटते तेव्हा गेटवर बघा, प्रत्येक आई, आजी, आजोबा यांच्या हातात फॉईलमध्ये गुंडाळलेला पाव असतो, तो मुलाच्या हातात देतात आणि मग सगळी वरात तशीच बागेत जाते. मी माझ्या मुलाला तूप-साखर पोळीचा रोल फॉईलमध्ये गुंडाळून द्यायचे, लांबून अगदी त्यांच्या बोकादियोसारखाच दिसायचा, आणि दोन जास्तीचे न्यायचे कारण मागणारं कोणीतरी असायचंच. माझ्या इथल्या निम्म्या ओळखी त्या बाकावर झाल्यात. मुलीला घरी आणून खायला घालून सातला गादीवर पाठवलंत तर तो बाक तुम्हाला कधी मिळणारच नाही.

झोपेचं म्हणाल तर मुलं उन्हाळ्यात उशिरा झोपतात, सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली की साडेनऊ-दहाला झोपवतात. तुम्ही आलात तेच उन्हाळ्याच्या तोंडावर म्हणून एवढं जाणवतंय.

प्रश्न: मी शाकाहारी आहे, अंडं खातो, मांस-मासे नाही. ऑफिसमधले सगळे रोज मेनू देल दीया, म्हणजे दुपारचं ठरलेल्या किमतीचं जेवण, खायला जातात, मी डबा घेऊन एकटा बसतो. दोनदा गेलो तर "सिन कार्ने" (मांसाशिवाय) सांगूनही ताटात हामोन, म्हणजे डुकराचं मांस, आलं. आता जावंसं वाटत नाही. काय करू?
— नाशिकचा वाचक, सध्या वालेन्सिया

जायचं सोडू नका. तुमचा राग समजतो, माझ्या पहिल्या वर्षी मसूर मागवले तर त्यात चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज), मी सांगितल्यावर बाईंनी ताट आत नेलं, चोरिसोचे तुकडे चमच्याने काढले आणि तेच ताट हसत परत आणून ठेवलं. त्यांच्या मनात काहीच वाईट नव्हतं, त्यांना खरंच वाटलं की प्रश्न सुटला. मी त्या दिवशी नुसता पाव खाऊन उठले आणि घरी येऊन रडले.

गोम अशी आहे की "कार्ने" म्हटलं की यांच्या डोळ्यासमोर मटणाचा मोठा तुकडा येतो. हामोन म्हणजे हामोन, ते चवीला घालतात. टूना म्हणजे सॅलडमधला टूना, एन्सालादा मिक्स्ता सांगितलं की तो बहुतेक आलाच. म्हणून नुसतं "सिन कार्ने" पुरत नाही, एकेक नाव घ्यावं लागतं: "नो कोमो कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन, नि आतून, नि काल्दो दे पोयो." शेवटचं म्हणजे कोंबडीचा स्टॉक, तो भातात आणि सूपमध्ये लपलेला असतो. आणि हे ऑर्डर देताना नाही, आत शिरल्या शिरल्या काउंटरवर सांगा, तेव्हा स्वयंपाकघरात विचारायला त्यांना सवड असते.

काय मागवायचं ते सांगते. पिस्तो म्हणजे टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरची, झुकिनी परतून मंद शिजवलेली भाजी, वर तळलेलं अंडं. तोर्तिया दे पातातास, बटाट्याचं जाड ऑम्लेट. भाजलेल्या वांग्या-मिरचीची एस्कालिवादा. पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या. सेव्हियाकडे गेलात तर पालक-हरभरे, एस्पिनाकास कोन गार्बान्थोस, त्यात जिरं असतं हो, पहिला घास घेतला की घरची आठवण येते. आणि तुम्ही वालेन्सियात आहात तर एर्वीदो विचारा, बटाटा, फरसबी, गाजर, कांदा उकडून वर ऑलिव्ह तेल, इथल्या घराघरांत रात्री हेच खातात. पाएया या भाताच्या पदार्थाच्या मात्र मूळ वालेन्सियन प्रकारात चिकन आणि ससा असतो, भाज्यांची पाएया मागा आणि त्यातही स्टॉकचं विचारा. गोडात एन्साइमादा आणि ख्रिसमसचे मान्तेकादो यांत डुकराची चरबी असते, ते टाळा.

तुमच्या भागातल्या बारमध्ये रोज एकाच ठिकाणी जा, जागा बदलू नका. आठवड्याभरात ते तुम्हाला ओळखायला लागतील, तिसऱ्या आठवड्यात तुम्ही दारात दिसलात की आतून आवाज येईल की आज पहिल्या पदार्थात तुला चालेल असं काही नाही, मी तुला अंडं-बटाटा करून देते. बारा ते सोळा युरोत दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड मिळतं, पण ऑफिसचे लोक तासभर तिथे बसतात ते काही फक्त त्यासाठी नाही. जेवण झाल्यावर ताटं उचलली तरी उठत नाहीत, कॉफीवर बोलत बसतात, याला सोब्रेमेसा म्हणतात. कोणाचं प्रमोशन, कोणाचं घर, कोण सोडून चाललंय, हे सगळं तुम्हाला मीटिंगमध्ये कधीच कळणार नाही, तिथे कळतं.

(घरच्यासाठी: सुपरमार्केटमध्ये "हारिना दे गार्बान्थो" म्हणून पिशवी मिळते, ते आपलं बेसन.)

प्रश्न: माझं नाव पासपोर्टवर पहिलं नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात असं आहे. इथे प्रत्येक फॉर्मवर दोन आडनावं मागतात. एका ठिकाणी मी वडिलांचं नाव पहिल्या आडनावाच्या जागी लिहिलं, आता हेल्थ कार्डवर एक नाव आणि बँकेत दुसरंच. कसं सुधारू? लग्न झालंय, डिग्री माहेरच्या नावावर आहे, तेही सांगा.
— औरंगाबादची वाचक, सध्या सारागोसा

ही चूक आपल्यातले खूप जण करतात आणि नंतर वर्षानुवर्षं निस्तरत बसतात, म्हणून जरा सविस्तर.

स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं, एक वडिलांकडचं, एक आईकडचं. पूर्वी वडिलांचंच आधी लागायचं, आता क्रम आईवडील ठरवतात. लग्नानंतर बाई नाव बदलत नाही, आजीसुद्धा माहेरच्याच नावाने असते. त्यामुळे खिडकीपलीकडच्या माणसाला दोन आडनावं दिसली नाहीत की काहीतरी राहिलंय असं वाटतं आणि तो आपल्या मधल्या नावाला आडनाव करून टाकतो. समजा नाव अनघा विनायक जोशी, तर पहिलं आडनाव विनायक, दुसरं जोशी, आणि डॉक्टरकडे हाक येते "सेन्योरा विनायक!" आणि आपण आपलं नाव यायची वाट बघत बसतो.

नियम एकच धरा, पासपोर्टवर जसं आहे तसं. "प्रिमेर आपेयीदो" मध्ये जोशी, "सेगुन्दो आपेयीदो" रिकामं, "नोम्ब्रे" मध्ये अनघा विनायक. दुसरा रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म परत करतील असं वाटतं, करत नाहीत, परदेशी माणसाला एकच आडनाव असू शकतं हे त्यांना माहीत असतं, शांतपणे पासपोर्ट दाखवायचा. शिवाय परदेशी लोकांच्या अर्जात खाली वडिलांचं आणि आईचं नाव लिहायला वेगळी जागा असते, विनायकरावांची खरी जागा ती.

सुधारायचं कसं, तर मुळापासून वर. आधी रेसिडेन्स कार्ड, म्हणजे तीए, त्यावर नाव बरोबर आहे ना बघा. सहा महिन्यांपेक्षा मोठ्या व्हिसावर आलेल्यांनी हे कार्ड आल्यापासून एका महिन्यात मागायचं असतं, नव्याने येणाऱ्यांनी लक्षात ठेवा. मग नगरपालिकेत पत्त्याची नोंद, एम्पाद्रोनामिएन्तो, तिथे दुरुस्ती करा, कारण हेल्थ कार्ड, शाळा, सगळं त्या नोंदीवर चालतं. त्यानंतर हेल्थ सेंटर, आणि बँक सगळ्यात शेवटी. माझ्या बाबतीत मी उलट केलं, आधी बँकेत गेले, त्यांनी कार्ड मागितलं, कार्डवर चूक, परत शून्यापासून, त्यात चार महिने गेले. प्रत्येक ठिकाणी आधी अपॉइंटमेंट लागते, सीता प्रेविया म्हणतात, ती सकाळी लवकर ऑनलाइन बघायची. जमत नसेल तर गल्लीत "हेस्तोरिया" पाटी असलेलं ऑफिस शोधा, हे लोक पैसे घेऊन सरकारी कागद करून देतात, त्यात काही लपूनछपून नाही, स्पॅनिश लोकही त्यांच्याकडेच जातात.

माहेरच्या नावाच्या डिग्रीसाठी मॅरेज सर्टिफिकेट लागणारच. त्यावर भारतात असतानाच अपोस्तील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का, करून घ्या आणि स्पॅनिश भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून, त्याला त्रादुक्तोर हुरादो म्हणतात. इथे आल्यावर भारतातून कागद मागवणं फार जड जातं. सुट्टीला गेलात की आधी हे काम, मग पाहुणे.

प्रश्न: हेल्थ सेंटरमध्ये किंवा मार्केटमध्ये रांगच नसते, सगळे इकडेतिकडे बसलेले. मी पुढे गेले की बायका ओरडतात. नक्की नंबर कसा लावायचा?
— लातूरची वाचक, सध्या मुर्सिया

रांग असते, दिसत नाही एवढंच. आत गेल्यावर मोठ्याने विचारायचं "किएन एस एल उल्तिमो?", शेवटचं कोण? कोणीतरी हात वर करतं, "यो". बस, त्या माणसावर नजर ठेवा, त्याच्यानंतर तुम्ही. तुमच्यानंतर कोणी विचारलं की तुम्ही "यो" म्हणायचं, ते विसरलात तर सगळी साखळी तुटते आणि मग बायका ओरडणारच.

आणि विचारायच्या आधी "ब्वेनोस दीयास". लिफ्टमध्ये, दवाखान्याच्या वेटिंगमध्ये, बेकरीत, कुठेही चार भिंतींच्या आत शिरलं की समोर अनोळखी असले तरी म्हणायचं, आणि निघताना "आस्ता लुएगो", म्हणजे भेटूच. परत कधी भेट होणार नसते तरी म्हणतात, आपण नाही का घरातून निघताना "जाते" न म्हणता "येते" म्हणतो. मी पहिले काही महिने गप्प शिरायचे, गप्प निघायचे, मला ते सभ्यपणाचं वाटायचं आणि शेजाऱ्यांना वाटायचं की हिचं काहीतरी बिनसलंय.

प्रश्न: माझा मुलगा बिल्बाओला नोकरी करतो, आठ महिने झाले. ऑफिसमधले म्हणतात आपण भेटूया, पण कोणी घरी बोलावत नाही. शनिवार-रविवार खोलीत काढतो. फोनवर "बरंय" म्हणतो पण आवाज कळतो ना आईला. तिथली माणसं परक्यांना जवळ करत नाहीत का?
— एक आई, पुणे

काकू, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

करतात, पण घरी बोलावून नाही. स्पेनमध्ये घर हे घरच्यांचं आणि फार जुन्या मित्रांचं, माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचं स्वयंपाकघर मी तिसऱ्या वर्षी बघितलं. तिच्याशी रोज भेट व्हायची, पण खाली, कॉफीला. "आ वेर सि केदामोस", म्हणजे बघू, भेटू एकदा, हे ते निरोप घेताना सहज म्हणतात, आपण दारात उभं राहून "या एकदा निवांत" म्हणतो ना तसंच. तुमचा मुलगा ते आमंत्रण समजून वाट बघत बसला असणार. त्याला सांगा की पुढच्या वेळी तिथल्या तिथे म्हणायचं, गुरुवारी ऑफिस सुटल्यावर? कुठे? दिवस आणि जागा त्याने सांगितली की तो प्लॅन झाला.

बिल्बाओ त्यात अजून वेगळं. तिथे क्वाद्रिया असते, शाळेपासूनचा सात-आठ जणांचा कंपू, तो म्हातारपणापर्यंत एकत्र फिरतो. संध्याकाळी हे लोक एका बारमध्ये एक छोटा ग्लास, एक पिन्चो (पावावरचा छोटा घास), मग पुढचा बार, असे चालत राहतात. सुरुवातीला सगळे सारखे पैसे काढून एकाकडे देतात, त्याला बोते म्हणतात, आपली वर्गणी, त्यातून सगळ्यांचं बिल जातं. हे कळलं पाहिजे कारण नवीन माणूस स्वतःचं वेगळं बिल द्यायला जातो आणि नकळत कंपूच्या बाहेर राहतो. पित नसेल तर मोस्तो मागू दे, द्राक्षाचा रस असतो, त्याबद्दल कोणी एक शब्द विचारत नाही. तयार क्वाद्रियात पटकन शिरता येत नाही हे खरं आहे, ते तिथे इतर भागातून आलेल्या स्पॅनिश लोकांनाही जमत नाही, तुमच्या मुलात काही कमी नाही.

पण तो पुण्याचा ना? रविवारी सिंहगड चढला असेल. बिल्बाओच्या लोकांचा सिंहगड म्हणजे पागासार्री, शहराच्या अगदी डोक्यावरचा डोंगर, रविवारी सकाळी आजोबांपासून पोरांपर्यंत सगळे बूट घालून तिथे निघतात, आणि वर थांबायला जागा आहे. बास्क लोकांना डोंगराचं वेड आहे, त्यांचे चालायचे ग्रुप प्रत्येक वस्तीत असतात, त्यात नाव घालायला त्याला ओळख लागत नाही. वाटेत समोरून येणाऱ्याला नमस्कार करतात, तिथेही. दुसरं म्हणजे एस्कुएला ओफिसियाल दे इदिओमास ही सरकारी भाषाशाळा, फी थोडी, वर्ग वर्षभर, आणि वर्गात सगळे त्याच्यासारखेच परगावचे. आणि "काइशो", "आगुर", "एस्केरिक आस्को" हे तीन बास्क शब्द, नमस्कार, येतो, आभार. स्पॅनिश बोलणारेसुद्धा तिथे निघताना "आगुर" म्हणतात. बाहेरच्या माणसाने म्हटलं की दुकानदाराचा चेहरा बदलतो, मी स्वतः पाहिलंय.

तुम्ही फोनवर "जेवलास का" विचारत असाल, विचाराच, पण सोबत "आज कोणाशी बोललास" हेही विचारा. या रविवारी डोंगरावर गेला का तेवढं मला कळवा काकू, मनापासून सांगते.

प्रश्न: मुलगा ग्रानादाच्या मुलीशी लग्न करतोय, विहीणबाईंना पहिल्यांदा भेटणार. गालाला गाल लावतात म्हणे. मला अवघडल्यासारखं होतंय.
— सातारा

आधी आपल्या डावीकडे झुकायचं म्हणजे उजवा गाल उजव्या गालाला लागतो, मग दुसरा. ओठ लागत नाहीत, हवेत आवाज करतात. नको वाटत असेल तर आधीच हात जोडून नमस्कार करा आणि हसा, त्या समजून घेतील, नमस्कार त्यांना माहीत असतो. सुनेला पाया पडायला मात्र लगेच सांगू नका, आधी तिला अर्थ सांगा.

एक गोष्ट नक्की करा, घरातल्या चपला बॅगेत न्या. आपण दारात चपला काढून अनवाणी आत जातो, त्यांच्या घरात अनवाणी माणूस दिसला की "सर्दी होईल" म्हणून सगळे मागे लागतात. आणि त्यांच्या मुलीला त्या "तू" म्हणतील, जावयाला "तू", तुम्हालाही लगेच "तू" म्हणतील, त्यात अनादर नाही, आजकाल तिथे "उस्तेद" म्हणजे आपलं "तुम्ही" फार कमी वापरतात. जवळचं मानलं म्हणून तू.

प्रश्न: आमच्या शेजारच्या आजी वारल्या. मला रात्री कळलं, सकाळी भेटायला गेले तर दार बंद, दुसऱ्या दिवशी सगळं झालेलंसुद्धा. त्या मला मुलीसारखं वागवायच्या. आता त्यांच्या मुलीला कसं भेटू? आता जाणं बरं दिसेल का?
— कोल्हापूरची वाचक, सध्या मालागा

बरं दिसेल, जा.

इथे माणूस गेलं की घरी ठेवत नाहीत, तानातोरियोत नेतात. तिथे घरच्यांसाठी एक खोली असते, सोफे, कॉफीचं मशीन, काचेपलीकडे शवपेटी, आणि ओळखीचे सगळे दिवसभर तिथे येऊन भेटून जातात. साधारण एक-दोन दिवसांत दफन किंवा दहन होतं. दहावा, तेरावा असं काही नाही, त्यामुळे आपल्याला दुःखाला जागाच मिळाली नाही असं वाटतं, मलाही वाटलं होतं. तानातोरियोला कोणीही गेलं तरी चालतं, बोलावणं लागत नाही, हे पुढच्यासाठी लक्षात ठेवा. कुठल्या तानातोरियोत ते बिल्डिंगमधल्या कोणालाही विचारलं तरी सांगतात.

आता मुलगी घर आवरायला येत असेल. तिला दोन्ही गालांना भेटा आणि म्हणा, "ते आकोम्पान्यो एन एल सेन्तिमिएन्तो", तुझ्या दुःखात मी सोबत आहे. एवढं लांब वाक्य तोंडात बसत नसेल तर "लो सिएन्तो मुचो" पुरे. आजी तुमच्याशी कशा वागायच्या ते तिला सांगा, मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगा, त्यांनी तुम्हाला काय शिकवलं, काय खायला दिलं. ते तिला दुसऱ्या कोणाकडून कळणार नाही.

आणि मिस्साची तारीख विचारा, चर्चमध्ये आजींच्या नावाने प्रार्थना ठेवली असेल तर. तुम्ही हिंदू म्हणून कोणी अडवत नाही. मागच्या बाकावर बसा, सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, प्रसादाच्या रांगेत जायचं नाही कारण तो बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो. एका ठिकाणी सगळे आजूबाजूच्यांना हात देतात, तेव्हा तुम्हीही द्या. संपल्यावर मुलगी दाराशी उभी असेल, तिला भेटून निघा.